रूट कॅनलची भीती वाटते, पूर्ण झोपवून करतात का?

प्रश्न असा आहे: खालची दाढ ठणकतेय, रूट कॅनल सांगितलंय, पण खुर्ची दिसली तरी घाम फुटतो. पूर्ण झोपवून करतात का, गोळी घेऊन भागेल का आणि खर्च किती?

झोपवून करतात, पण एका दाढेसाठी तुम्हाला त्याची गरज पडेल असं मला वाटत नाही. मी भूलतज्ज्ञ. दातांच्या दवाखान्यांत जाऊन गुंगी देणं हे रोजचंच काम, त्यामुळे 'गोळी घेऊन भागेल का' हे वाचलं की गप्प बसवत नाही.

आधी भीती कशाची ते ठरवा. सुईची, ड्रिलच्या आवाजाची, की मागच्या वेळी दाढ सुन्न झालीच नव्हती त्याची? शेवटचं असेल तर दोष तुमच्या मनाचा नाही. खालच्या दाढेला जबड्याच्या मागच्या बाजूला नसेचा ब्लॉक, म्हणजे अख्खी नसच सुन्न करणारं इंजेक्शन, द्यावा लागतो. आतली नस सुजलेली असेल तर ओठ जड पडतो, पण ड्रिल लागलं की दाढ झणझणते. अशा वेळी 'थोडं सहन करा' म्हणणं हा आळशीपणा आहे. दाढ आणि हाड यांच्या फटीत किंवा गालाच्या बाजूने आर्टिकेन या सुन्न करणाऱ्या औषधाचं आणखी एक इंजेक्शन देता येतं. डॉक्टरांची हरकत नसेल तर तासभर आधी आयब्युप्रोफेनची गोळी घेतल्याचाही ब्लॉकला फायदा होतो. आणि इंजेक्शननंतर छातीत धडधडलं म्हणजे ॲलर्जी नव्हे. भुलीच्या औषधात बहुधा १:८०,००० (८०,००० भागांत एक) ॲड्रेनालिन असतं, त्याची ती धडधड. दोन-चार मिनिटांत उतरते. इंजेक्शन मिनिटाला साधारण १ मिलि इतकं सावकाश दिलं तर दुखतंही कमी, धडधडही कमी.

एवढ्यानेही भीती जात नसेल तर माझी पहिली पसंती लाफिंग गॅसला, म्हणजे नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनला. नाकावर छोटा मास्क बसतो. पहिली दोन-तीन मिनिटं नुसता ऑक्सिजन. तेवढ्यात देणाऱ्याने मशीनच्या पिशवीकडे बघायचं: श्वासागणिक ती फुगली-आक्रसली पाहिजे. चिकटून बसली तर प्रवाह कमी, फुग्यासारखी ताठ राहिली तर जास्त. मोठ्या माणसाला मिनिटाला ५ ते ७ लिटर बहुधा पुरतात. मग दर मिनिटाला १० टक्के नायट्रस वाढवत जायचं. तळपायाला मुंग्या येतात, पाय जड होतात, खांदे खाली येतात. बहुतेकांचं हे ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान होतं. तिथे थांबायचं. मळमळ, डोकं गरगरणं, हाकेला उशिरा ओ देणं यातलं काही दिसलं तर १० टक्के मागे. ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली मशीनच जाऊ देत नाही. काम संपल्यावर पाच मिनिटं पुन्हा नुसता ऑक्सिजन. ही पाच मिनिटं वाचवणारे महाभाग आहेत. त्यांचे पेशंट डोकं धरून घरी जातात, कारण रक्तातला नायट्रस एकदम फुफ्फुसात उतरतो आणि तिथला ऑक्सिजन पातळ करतो.

गॅस चालू असताना बोलू नका. तोंडाने श्वास घेतलात की सगळं बाहेर. सर्दीने नाक बंद असेल तर तारीख पुढे ढकला. आणि गॅसने दाढ बधिर होत नाही, इंजेक्शन लागतंच, फक्त त्याचं काही वाटेनासं होतं. १८४५ साली बोस्टनमध्ये होरेस वेल्स हा दंतवैद्य नुसत्या गॅसवर दात काढून दाखवायला गेला, पेशंट कण्हला आणि बिचाऱ्याची जाहीर फजिती झाली.

आता गोळी. अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम या गुंगीच्या गोळ्या सगळ्यांना किरकोळ वाटतात. माझ्या मते चारही पर्यायांत (गॅस, गोळी, शिरेतली गुंगी, पूर्ण भूल) सगळ्यात गाफीलपणे दिली जाणारी हीच. शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध देताना मी १ मिलिग्रॅम देतो, दोन मिनिटं थांबतो, माणूस बघतो, मग पुढचा. पोटात गेलेल्या गोळीचं असं करता येत नाही. तासाभरात काही वाटलं नाही म्हणून माणूस दुसरी घेतो आणि दोन्ही एकदम चढतात, तेही खुर्चीत, तोंडात पाणी असताना. जोडीला दारू, खोकल्याचं कोडीन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक असेल तर आणखी जड. 'एका गोळीने काय होतंय' म्हणणाऱ्यांना माझं एकच विचारणं असतं: बोटाला ऑक्सिमीटर लावलाय का? उतारा म्हणून फ्लुमाझेनिल कपाटात आहे का? दोन्ही असेल, गोळी दवाखान्यातच दिली असेल आणि सोबत कुणी असेल तर माझी हरकत नाही. शेजाऱ्याच्या पाकिटातली मात्र नको.

अक्कलदाढा एकदम काढायच्या असतील किंवा उलटीच्या उबळीमुळे तोंडच उघडता येत नसेल तर शिरेतली गुंगी उत्तम. माणूस हाकेला ओ देतो, पण नंतर बहुतेक काही आठवत नाही. पूर्ण भूल हॉस्पिटलमध्येच, ऑपरेशनसारखी तयारी करून. खर्चाचं म्हणाल तर गॅस त्यामानाने स्वस्त, पूर्ण भूल सगळ्यात महाग. आकडा तुमच्या गावातच विचारा. लहान मुलांचे दात बघणाऱ्या क्लिनिकमध्ये गॅसचं मशीन सापडण्याची शक्यता जास्त.

खाण्यावरून हमखास घोळ होतो. नुसतं इंजेक्शन असेल तर पोटभर खाऊन जा, उपाशीपोटी लोक चक्कर येऊन पडतात. गॅस असेल तर दोन तास आधी हलकं काहीतरी. शिरेतून गुंगी किंवा पूर्ण भूल असेल तर हलकं खाणं सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधी बंद. दुधाचा चहा पाण्यात धरायचा नाही. गोळी किंवा शिरेतल्या औषधानंतर २४ तास गाडी नाही, महत्त्वाच्या कागदावर सही नाही.

हे आधीच लिहायला हवं होतं: बी-१२ कमी असेल (शाकाहारी असाल तर तपासून घ्या), गरोदरपणाचे पहिले तीन महिने असतील किंवा डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये नुकताच गॅसचा बुडबुडा सोडला असेल, तर नायट्रस नको. आणि झोपेत जोरात घोरत असाल, मध्येच श्वास अडकत असेल, तर गोळी असो वा शीर, घरच्यांना विचारून भूलतज्ज्ञाला ते आधी सांगा. स्वतःचं घोरणं स्वतःला ऐकू येत नाही.