क्वाड, ग्रीन आणि दोन प्रकारचे आरए: अर्बाना-शॅम्पेनला सहकुटुंब निघालेल्यांसाठी

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: ऑगस्टमध्ये इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शॅम्पेनला पीएचडीसाठी निघालात, बरोबर पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. सिनिअर मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आइकला भेटू’, ‘ग्रीनवर खाऊ’, ‘क्वाल्स सुटल्या’ असं काहीबाही चालतं आणि त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. तर कुणी ही भाषा आणि जागांची नावं नीट सांगेल का. आणि शेवटी जाता जाता, ‘एकटेपणा वगैरे वाटतो का ताई?’ व्हिसा, विमा, घराचं डिपॉझिट हे सगळं विद्यापीठाने लिहून ठेवलेलं आहे, मी त्यात पडत नाही.

एक सांगून टाकते. मी तिथे विद्यार्थिनी म्हणून गेले नव्हते. 2006 मध्ये नवऱ्याची पीएचडी सुरू झाली, मी एफ-2 वर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळतो तो व्हिसा), आणि आमची लेक तुमच्या लेकीएवढीच. पुण्यातली बँकेची नोकरी सोडून गेले होते. तेव्हा पुढचं सगळं कान लावून शिकलेलं आहे, पण पक्कं आहे. पुढे लेक तिथूनच 2022 मध्ये पदवीधर झाली, त्यामुळे नवी बोलीही घरात आली.

आधी गाव. ही दोन गावं आहेत, पुणे आणि पिंपरी-चिंचवडसारखी चिकटलेली, आणि राइट स्ट्रीट ही त्यांची हद्द. रस्त्याच्या पश्चिमेला शॅम्पेन, पूर्वेला अर्बाना, कॅम्पस दोन्हीत पसरलेला. मुलं सरळ ‘शॅम्बाना’ म्हणतात. हद्दीचा खरा त्रास रस्त्यांच्या नावांत होतो. अर्बानातला फ्लोरिडा ॲव्हेन्यू शॅम्पेनमध्ये शिरला की किर्बी होतो, रस्ता तोच. घर बघताना पत्ता कुठल्या गावातला ते पाहा, कारण मुलीची शाळा त्यावर ठरते. दोन गावांचे शाळा-जिल्हे वेगळे आहेत.

‘क्वाड’ म्हणजे मेन क्वाड. उत्तरेला इलिनी युनियन, दक्षिणेला फोलिंजर सभागृहाचा घुमट, मध्ये हिरवळ. ‘ग्रीन’ म्हणजे मात्र हिरवळ नव्हे, ग्रीन स्ट्रीट: खाण्याची ठिकाणं, बार, रात्रीचा गोंगाट. ग्रीन आणि राइटच्या कोपऱ्यावर हात पसरून उभा असलेला पुतळा ‘अल्मा’, म्हणजे अल्मा मेटर, लोराडो टाफ्ट यांचा, 1929 चा. ‘अल्मापाशी ये’ म्हटलं की तिथे. ग्रीनच्या उत्तरेला इंजिनिअरिंग. तिथलं क्वाड बार्डीन यांच्या नावाचं, ज्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळालं (1956 आणि 1972), आणि त्यातून बोनयार्ड नावाचा ओढा वाहतो. ‘ग्रेंजर’ म्हणजे तिथली लायब्ररी. पण 2019 पासून अख्ख्या इंजिनिअरिंग कॉलेजलाच ते नाव दिलंय, त्यामुळे ‘मी ग्रेंजरला आहे’ म्हणजे अभ्यास करतोय की नुसता तिथला विद्यार्थी आहे, हे आवाजावरून ओळखायचं.

‘आइक’ म्हणजे आयकनबेरी वसतिगृहांची मोठी मेस. ‘पार’ आणि ‘फार’ ही दोन वसतिगृहं, पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडा ॲव्हेन्यूवरची, आद्याक्षरं जोडून झालेली नावं. ‘फार’ खरोखरच लांब आहे, हा तिथला सगळ्यात जुना विनोद. पहिल्या आठवड्यात तो तुम्हाला अनेकजण ऐकवतील, प्रत्येक वेळी हसा. ‘आर्क’ म्हणजे व्यायामशाळा. कुणी तिला ‘इम्पी’ म्हणालं तर ते 2008 च्या आधीचे समजा. तसंच बास्केटबॉलच्या स्टेडियमला ‘असेंब्ली हॉल’ म्हणणारे. 2013 मध्ये नाव बदललं, आमच्या पिढीच्या तोंडातून ते काही गेलं नाही.

‘आरए’ची गंमत जपून. तुम्ही आरए म्हणजे रिसर्च असिस्टंट, त्यावर फी माफ आणि घर चालतं. पदवीच्या मुलांचा आरए म्हणजे वसतिगृहाच्या मजल्यावर पोरांवर लक्ष ठेवणारा थोरला विद्यार्थी. ‘क्वाल्स’ सुरुवातीची पात्रता परीक्षा, ‘प्रिलिम’ नंतरची, कमिटीसमोर. नवरा रात्री जेवताना म्हणायचा, ‘प्रिलिमला कमिटीची तारीख जुळत नाहीये,’ आणि मी आमटी वाढत विचार करायची, म्हणजे हे बरं की वाईट. विचारलं तर उत्तर मिळायचं, पण कंटाळलेलं. दमून आलेल्या माणसाला कोण रोज शब्दार्थ विचारणार? मग मी बसमध्ये, लाँड्रीत, पोरांच्या गप्पांतून शिकत गेले. नवऱ्याला अजून माहीत नाही की प्रिलिम म्हणजे काय ते मला लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या एका कोरियन बाईने सांगितलं.

तुमचा नऊ आकडी ‘यूआयएन’, म्हणजे विद्यापीठाचा ओळख क्रमांक, येईल. तो पाठ करा, आणि पत्नीलाही करायला लावा. तिथल्या बऱ्याच खिडक्यांवर मला आधी विचारलं जायचं, ‘त्यांचा यूआयएन?’ माझा नव्हताच. नवऱ्याचा मला आजही पाठ आहे, त्याला नाही.

बसेसना रंगांची नावं, आणि ‘बावीस’ म्हणजे 22 इलिनी, कॅम्पसभर फिरणारी. ‘आयस्टॉप’ अशी पाटी असलेल्या थांब्यावर कुणीही कार्ड न दाखवता फुकट चढू शकतं, इतर थांब्यांवर नाही. हे पत्नीला पहिल्या दिवशी सांगा. गाड्या रिकाम्या असल्या की ड्रायव्हर गप्पाही मारतात.

आणखी थोडं सुटं सुटं: रस्त्यात कुणी अचानक ‘आय-एल-एल’ ओरडलं तर दचकू नका, उत्तरादाखल ‘आय-एन-आय’ ओरडायचं असतं, मिळून ‘इलिनी’, तिथल्या संघांचं नाव. ‘क्वाड डे’ वर्ग सुरू होण्याआधीच्या रविवारी, तिथे मुलीला नक्की न्या, फुकट पेनं आणि पिशव्या गोळा करून ती खूश होईल. ‘अनऑफिशियल’, म्हणजे पोरांनी स्वतःच ठरवलेला सेंट पॅट्रिक्स डे, मात्र मार्चच्या सुरुवातीचा एक शुक्रवार, पोरं सकाळपासून पितात. त्या दिवशी तिला घेऊन ग्रीनवर जाऊ नका. दक्षिणेकडून वारा आला की वास येतो तो ‘साउथ फार्म्स’चा, विद्यापीठाचीच गुरं-डुकरं. आणि मकाही आहे, कॅम्पसच्या ऐन मध्यात. मोरो प्लॉट्स, 1876 पासूनचं प्रयोगाचं शेत. त्यावर सावली पडू नये म्हणून शेजारची लायब्ररी 1969 मध्ये चक्क जमिनीखाली बांधली. ‘यूजीएल’ म्हणायचे तिला, म्हणजे अंडरग्रॅज्युएट लायब्ररी.

यूजीएलबद्दल जरा जास्त लिहिते. जानेवारीत लेक शाळेत गेली की मी तिथे जाऊन बसे. आत शिरायला कुणी कार्ड मागत नसे. जिने उतरून खाली गेलं की मध्ये उघडा चौक, चारी बाजूंनी काच, आणि बर्फ त्या चौकात वरून पडायचा. भोवती विशीतली पोरं लॅपटॉपवर डोकी टेकून झोपलेली. माझ्यासमोर पुस्तक असे. एफ-2 वाल्या बायकोला तेव्हा छंदवर्गापलीकडे शिकायची परवानगी नव्हती; 2015 मध्ये नियम बदलला, आता अर्धवेळ शिकता येतं. पगारी नोकरी अजूनही नाही. ती लायब्ररी 2022 मध्ये बंद झाली, तिथे आता दुर्मिळ ग्रंथ आणि दप्तरखाना यायचा होता. नव्या पोरांना यूजीएल म्हटलं की काही कळत नाही.

आता शाळा. तुम्ही हे विचारलं नव्हतंत, तरी सांगते. प्रवेशाच्या कागदांत ‘होम लँग्वेज सर्व्हे’ असतो: घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का, मूल बोलतं का. मी ठसठशीत ‘मराठी’ लिहिलं. एकाही प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की मुलाची इंग्रजीची चाचणी घ्यावीच लागते. आमची लेक पुण्यात इंग्रजी माध्यमात होती, वाचायची छान, पण त्या अनोळखी बाईंसमोर तोंड उघडेना. झालं, रोज वर्गातून उठवून तिला दुसऱ्या खोलीत इंग्रजीला. नेमकं त्या वेळी तिच्या वर्गात विज्ञान चाले. एकदा वर्गाने सुरवंट पाळले, त्यांची फुलपाखरं झाली, आणि ती बाहेर सोडली तेव्हा ही दुसऱ्या खोलीत ‘धिस इज अ स्पून’ म्हणत होती. बाहेर काढणारी परीक्षा वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, तोवर सुटका नाही असं मला सांगितलं गेलं. पालकांना लेखी नकार देता येतो हे कुणी सांगितलं नाही. शाळेचं नाव घेत नाही, शिक्षिका प्रेमळच होत्या, पण ती फुलपाखरं मला अजून खुपतात. लेक म्हणते, आई, मला आठवतही नाही. असेल.

मराठी लिहू नका असं सुचवणारे भेटतील. लिहा. फक्त चाचणीचे गुण लेखी मागा, आणि कुठल्या तासाला उठवणार ते आधी विचारा.

नावाचंही बघा. आपण पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे बापाचं नाव घालतो, आणि दोन्ही मिळून तिथे ‘पहिलं नाव’ होतं. लेकीच्या बाकावरच्या पट्टीवर दोन्ही नावं सलग, जागा संपली म्हणून बापाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं कापलेली. हजेरीत तसंच पुकारत. फॉर्मवर ‘हाक मारायचं नाव’ असा रकाना असतो, तो भरा, आणि मोठ्या अक्षरात. माझ्या लायसन्सची गोष्ट तर लांबलचक आहे. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) मिळत नाही असं पत्र एका ऑफिसातून आणायचं, ते दुसऱ्या ऑफिसात दाखवायचं, तिथल्या बाईंना असं पत्र असतं हेच माहीत नाही, मग पुन्हा पहिल्या ऑफिसात. नियम तेव्हापासून बदललेत, कंटाळा येईपर्यंत सांगत बसत नाही.

एकटेपणा वाटतो का? वाटतो. थँक्सगिव्हिंगला गाव ओस पडतं तेव्हा आणि फेब्रुवारीत. जाडे बूट घ्या, जातो.

तुमच्या सगळ्या प्रश्नात पत्नीचा उल्लेख ‘बरोबर येणार आहे’ एवढाच आहे. ती काय शिकली आहे, इथे काय करते, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मी तेच शोधत दोनदा वाचलं. तुम्हाला ही नावं दोन आठवड्यांत आपोआप येतील, कुणाची मदत लागणार नाही, कारण ती रोज तुमच्याशी बोलली जाणार आहेत. वरचं सगळं तिला वाचायला द्या. आणि पुढचं काही विचारायचं असेल तर तिने मला लिहावं, तुम्ही नको.