वाचकांचे प्रश्न : एक्स-रे खोलीची भिंत आणि किरणसुरक्षेचा व्यवसाय

प्रश्न : दवाखान्याला जोडून एक्स-रे खोली बांधतो आहे. गवंडी म्हणतो नऊ इंची भिंत पुरे, सल्लागार चौदा इंची सांगतो. कोणाचं ऐकू? (एक डॉक्टर, निपाणी)

सल्लागाराचं ऐका, पण चारही भिंतींसाठी नव्हे. थेट झोत पडतो ती भिंत, म्हणजे छातीच्या स्टँडमागची, ३५ सेंटिमीटर भरीव विटेची हवी. विखुरलेल्या किरणांना २३ सेंटिमीटर वीट पुरते, दाराला १.७ मिलिमीटर शिसे. हे आकडे घनसेंटिमीटरला १.६ ग्रॅम घनतेच्या विटेसाठी आहेत. खानापूर-चंदगडकडचा चिरा वापरणार असाल तर एक तुकडा चौकोनी कापून मोजा, वजन करा. घनता कमी भरली तर त्या प्रमाणात जाडी वाढवा. पोकळ ब्लॉक घेऊच नका.

गळती बहुधा भिंतीतून होत नाही. स्विचबोर्डसाठी खोदलेली खाच आणि दाराची चौकट, ही दोन ठिकाणं आधी तपासा. शिशाचा पत्रा फक्त वरून खिळ्यांवर टांगला तर स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली ओघळतो आणि वर फट पडते. तो प्लायच्या दोन थरांत दाबून बसवा, जोड एकमेकांवर चढवा, चौकटीतही शिसे घाला.

खोलीबाहेरच्या किरणांची मोजणी करताना झोतात पेशंटच्या जागी पाण्याचा कॅन ठेवून, सेकंदाहून मोठे एक्सपोजर द्यायला सांगा, ०.१ सेकंदात सर्व्हे मीटर (किरण मोजणारे यंत्र) खऱ्या आकड्यापर्यंत पोचत नाही. मग आठवड्याचा हिशोब करा. समजा नळीत १०० मिलिअँपिअर प्रवाह असताना दाराबाहेर तासाला ६० मायक्रोसिव्हर्ट (किरणांच्या डोसचे एकक) दिसले आणि आठवड्याचे काम, म्हणजे प्रवाह गुणिले वेळ, १०० मिलिअँपिअर-मिनिटे आहे. म्हणजे यंत्र आठवड्यात एकच मिनिट किरण सोडते, आणि बाहेरचा डोस होतो १ मायक्रोसिव्हर्ट. बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांसाठी मर्यादा आठवड्याला २० मायक्रोसिव्हर्ट आहे. नुसता ६० हा आकडा दाखवून कोणी शिसे विकत असेल तर हा हिशोब त्याच्याकडून कागदावर मागा.

प्रश्न : फिजिक्समध्ये एमएस्सी झालो. बेळगावात किरणसुरक्षा सल्ला केंद्र काढलं तर चालेल का? (एक वाचक, बेळगाव)

चालेल, पण नुसत्या पदवीवर नाही. यंत्रांची गुणवत्ता चाचणी करायला एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता लागते, आणि उपकरणांचं कॅलिब्रेशन मुदतीत असावं लागतं. मंडळ केंद्राचं, त्यामुळे निपाणीला जो नियम तोच गडहिंग्लजला. सीमेच्या दोन्ही बाजूंना काम करता येतं. दवाखान्याची नोंदणी तेवढी राज्यागणिक वेगळी, कर्नाटकात ती केपीएमई, म्हणजे खासगी वैद्यकीय संस्थांच्या कायद्याखाली होते.

निदानाच्या यंत्रांची चाचणी दर दोन वर्षांनी असते. धंदा टिकतो तो या फेऱ्यांवर, म्हणून पहिल्याच फेरीत केव्हीची (नळीच्या विद्युतदाबाची) अचूकता, टायमर, प्रकाशक्षेत्र व किरणक्षेत्राचा मेळ, नळीची गळती यांचे प्रत्यक्ष आकडे अहवालात लिहा. यंत्र न चालवता दाखला देणारे लोक पेशंटला जास्तीचा डोस देतात, असं आम्ही ठामपणे मानतो. यंत्र विक्रीचं कमिशनही घेऊ नका. ज्यावर कमिशन मिळतं ते यंत्र नापास करताना हात अडतो.

पुढची वाढ उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्र्यांकडे आहे. तिथे भंगार वितळतं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ आला आणि एक माणूस दगावला. भट्टीत गेलेला कोबाल्ट धातूत मिसळतो, म्हणजे सगळं कास्टिंग बाद. सिझियम-१३७ हा दुसरा किरणोत्सारी पदार्थ मात्र बराचसा धुरातून फिल्टरच्या धुळीत उतरतो. म्हणून गाडी गेटवरच तपासायची, रिकाम्या आवाराचं रीडिंग आधी घेऊन. ढिगाच्या मधोमध शिशाच्या डब्यात असलेला स्रोत बाहेरून दिसत नाही, तेव्हा माल उतरवताना दुसरी फेरी हवीच. जड, गोल, शिशाचं काही हाती लागलं तर कापू नका; माणसं दूर करून मंडळाला कळवा.

प्रश्न : टीएलडी बॅज एप्रनच्या वर लावायचा की आत? (एक्स-रे तंत्रज्ञ, चिकोडी)

आत, छातीवर. टीएलडी बॅज तुमच्या अंगावर पडलेला डोस नोंदवतो. कंट्रोल बॅज, म्हणजे तुलनेसाठीचा न वापरलेला बॅज, एक्स-रे खोलीपासून लांब ठेवा. बॅज खोलीतच खुंटीला राहिला तर खोलीचा डोस तुमच्या नावावर चढतो आणि खुलासा तुम्हाला द्यावा लागतो. शिशाचा एप्रन घडी घालून ठेवू नका, आतल्या थराला तडे जातात, दांडीवर टांगा.