खासगी दवाखाना चालवताना वस्तीच्या आरोग्यासाठी खरंच काही करता येतं का?

तुम्ही विचारलंय की नागपुरात नवा दवाखाना टाकलाय, 'प्राथमिक उपचार आणि सार्वजनिक आरोग्य यांची लोकांच्या भागीदारीतून सांगड घाला' असं एका कार्यक्रमात ऐकलं, तर खुर्चीत बसून नेमकं करायचं काय, समिती काढायची का? मी उत्तर नागपुरात, दाट वस्तीत, एकवीस वर्षांपासून प्रॅक्टिस करते. त्यातली पहिली बारा वर्षं यातलं काहीही केलं नाही, तेव्हा उपदेशाचा अधिकार बेताचाच.

सुरुवात रजिस्टरपासून करा. नाव, वय, तक्रार, फी हे रकाने असतातच. आणखी एक आखा: गल्ली. पत्ता विचारू नका. लोक आधार कार्डावरचा सांगतात आणि तो बालाघाटचा निघतो. "सध्या राहता कुठं?" असं विचारलं की विहाराच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, असं खरं उत्तर येतं.

हे शहाणपण मला एका सप्टेंबरात आलं. आठ दिवसांत तापाचे नऊ पेशंट आले. प्रत्येकाला नीट तपासलं, पॅरासिटामॉल दिली, ब्रुफेन घेऊ नका म्हणून बजावलं, प्लेटलेट्स करून घेतल्या. डॉक्टर म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती. नवव्या पोराची आई जाता जाता म्हणाली, "आमच्या गल्लीत सारेच पडले जी मॅडम." रजिस्टर उलटून एकेकाला फोन केले. नऊपैकी सहा जण त्याच गल्लीतले. वेगवेगळ्या दिवशी ते माझ्या एकाच बाकावर बसून गेले होते.

मी एका सरकारी कार्यालयात फोन लावला. पहिला प्रश्न आला, "एलायझा झाली का?" एलायझा म्हणजे प्रयोगशाळेत होणारी रक्ततपासणी. आपल्याकडची डेंग्यूची झटपट कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह असली तरी सरकारी हिशेबात तो रुग्ण संशयितच. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ एलायझा, त्यानंतर आयजीएम एलायझा, तरच डेंग्यू पक्का. नियमात खोट नाही, कार्ड टेस्ट दगा देतात. पण अंड्यातून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नमुना जाऊन रिपोर्ट येईपर्यंत पुढची पिढी चावायला तयार असते.

काम झालं ते आशाताईंमुळे, म्हणजे वस्तीतल्या सरकारी आशा कार्यकर्तीमुळे. त्या माझ्या दवाखान्यावरून रोज जायच्या, मी कधी हाकही मारली नव्हती. त्यांना पेशंटची नावं सांगितली नाहीत, फक्त गल्ली सांगितली. तेवढ्यावर त्या म्हणाल्या, "कूलर असतीन मॅडम."

नागपूरकराला कूलर समजावून सांगायला नको. जूनमध्ये पाऊस लागला की तो बंद होतो, पण खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवरून त्याला खाली कोणी उतरवत नाही. टाकीत पावसाचं पाणी साचतं. एडिस डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटवून, आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, टाकी घासावी लागते. हे सगळं मला परीक्षेपासून पाठ. आशाताईंचं ज्ञान वेगळं होतं. "पाणी फेका म्हणनं सोपं हाय. वरच्या मजल्यावर म्हातारी एकटी राह्यते, तिचा कूलर उतरवाले तीन पोट्टे लागतात."

पोट्टे होतेच. तान्ह्या पोळ्याला बडग्या (मारबतीसारखाच, वाईट गोष्टींचा पुतळा) काढणारं मंडळ तो जाळून नुकतंच मोकळं झालं होतं. 'इडा-पिडा, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत' म्हणून जे गळा फाटेस्तोवर ओरडले, त्यांच्याच छतांवर सात कूलरांत अळ्या वळवळत होत्या. ताईंनी त्यांना टॉर्च लावून दाखवल्या. एक रविवार गेला. ब्रश आणि घासायचं सामान महिला आरोग्य समितीच्या पैशातून आलं. शहरी वस्तीत ५० ते १०० घरांमागे अशी एक समिती असते, तिला वर्षाला ५,००० रुपयांचा मोकळा निधी मिळतो, आणि आशा तिची सचिव असते. बारा वर्षं मला या समितीचा पत्ताच नव्हता.

ताईंचं मोठेपण पुढेच आहे. सोमवारी त्या दवाखान्यात येऊन कुठल्या घरी काय सापडलं ते सांगून गेल्या. तुम्ही कळवता आणि उलट काही कळत नाही, तेव्हा चौथ्यांदा तुम्ही कळवत नाही. फॉर्म भरून घेणारे पुष्कळ असतात, परत येऊन सांगणारं माणूस धरून ठेवा.

टीबीचं थोडक्यात. खासगी डॉक्टरने टीबीचा रुग्ण कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली की पोषणाचे दरमहा १,००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५००) तुमच्या खासगी पेशंटलाही मिळतात. हे त्याला तुम्हीच सांगा.

आता फसलेलं. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती आहे हे तुम्हाला दिसेलच. २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीमही निघाली. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून मला वाटलं, वधू-वर परिचय मेळाव्यासारखी जागा नाही. फॉर्मवर उंची, रंग, रक्तगट सगळं विचारतात, सिकलसेल का नको? आयोजकांना पटलं. टेबल मांडलं, रक्त घेतलं, आणि रिपोर्ट वाटताना एका उत्साही कार्यकर्त्याने माइकवरून नावं पुकारली. त्यात कोण वाहक हेही बोलून गेला. एका मुलीचं जमत आलेलं लग्न तिथल्या तिथे फिसकटलं. वाहक माणूस ठणठणीत असतो, फक्त जोडीदार वाहक नसावा, हे समजावायला मी तिच्या घरी दोनदा गेले. आईने चहा दिला, पण पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नाही. माइक त्याच्या हातात होता, पण टेबल माझं होतं. आता मी ही तपासणी कॉलेजच्या वयातच, दवाखान्यात, दार लोटून करते आणि रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात देते.

कोणी जामखेडचं उदाहरण देईल. डॉक्टर आरोळे दांपत्याने १९७० मध्ये तिथे गावातल्या बायकांना शिकवून आरोग्याचं जे काम उभं केलं त्याला तोड नाही. पण तिथे गाव होतं. आपल्या वस्तीत दर अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलतो, तुम्ही शिकवलेली बाई पुढच्या वर्षी पारडीला राहायला गेलेली असते. त्याची तयारी ठेवा.

समिती काढू नका, आहे तिच्या बैठकीला जा. ती दुपारी तीनच्या सुमारास असते, कारण तेव्हा बायकांची कामं आटोपलेली असतात. तुमचाही दवाखाना तेव्हा बंदच असेल.