पांढरं रेशनकार्ड, फुले योजनेत बसतो का?

प्रश्न : बाबांना बायपास सांगितलीय आणि आमचं रेशनकार्ड पांढरं, शेजारचे काका म्हणतात फुले योजना फक्त पिवळ्या-केशरीवाल्यांना, खरंय का?

उत्तर : काकांची माहिती जुनी झाली हो. १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत (राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना) पांढरं कार्डवालेपण आले आणि आधीचं दीड लाखाचं कव्हर ५ लाखांवर गेलं, पण ते वर्षाला अख्ख्या कुटुंबाचं बरं का, माणशी नाही. आधी कार्ड उघडून बघा बाबांचं नाव आहे ना, तिथेच गाडी अडते. मग कार्ड आणि बाबांचं आधार घेऊन योजनेतल्याच हॉस्पिटलात आरोग्यमित्राला (योजनेच्या कामासाठी तिथे बसणारा मदतनीस) भेटा, आणि हे सगळं ॲडव्हान्स भरायच्या आधी. नुसती ओपीडी यात धरत नाहीत.