‘मॅडम, खरं सांगा, वास येतोय का?’

डिसेंबरातली संध्याकाळ होती. त्या दिवसांत सहा वाजले की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खिडकी लावूनच बसावं लागतं. त्या मुलीने मात्र आत आल्या आल्या खिडकी उघडली. मग खुर्ची भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकवली आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून बसली. आई शेजारी शाल घट्ट आवळून.

तिला सायली म्हणू. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे बारकावेही बदलले आहेत. वय सोळा, अकरावी सायन्स, सिन्नरकडच्या एका गावातून रोज एसटीने नाशिकला येणारी. दीड महिना क्लास बुडवला होता. घरी सांगायची, डोकं दुखतं. आईला तिच्या बॅगेत डिओचे तीन रिकामे डबे सापडले तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली.

झालं होतं एवढंच. ऑक्टोबरच्या उन्हात भरलेली एसटी, बसायला जागा नाही, सायलीचा हात वरच्या दांड्याला. मागून कोणीतरी म्हणालं, “अरे खिडकी उघडा रे, जीव जाईल इथे.” तीन-चार जण हसले. “मलाच म्हणाले का, ते पण मला माहीत नाही मॅडम,” ती म्हणाली. पण त्या दिवसापासून ती रोज तीनदा आंघोळ करत होती. काखेत लिंबू चोळून तशीच उन्हात गेली आणि कातडी काळी पडून सोलवटली. (लिंबाचा रस लावून उन्हात जाऊ नका. त्याने खरोखर भाजल्यासारखं होतं. घरगुती उपाय म्हणून हे इतक्या जणी सांगतात की दर वेळी मला धडकी भरते.) वर्गात ती शेवटच्या बाकावर खिडकीपाशी बसायची आणि तासभर एकच काम करायची, कोण नाकाला हात लावतंय ते बघायचं.

बोलणं संपता संपता तिने विचारलं, “मॅडम, खरं सांगा, वास येतोय का?”

असा प्रश्न आला की घरातले सगळे म्हणतात, “काही येत नाही गं, तुझे मनाचे खेळ.” प्रेमापोटीच म्हणतात. पण ते पुरत नाही. नाकाला रोजच्या वासाची सवय होते, स्वतःच्या अंगाचा तर होतेच, ही गोष्ट मुलांना मोबाइलवर वाचून आधीच माहीत असते. त्यामुळे ‘येत नाही’ या उत्तरावर त्यांचा विश्वास दहा मिनिटं टिकतो आणि मग पुन्हा तोच प्रश्न. मी ठरवलं, या मुलीला एकदाच आणि खरंखुरं उत्तर द्यायचं. तिला आणि आईला विचारून मी तिच्याजवळ गेले. अंगाला साबणाचा वास होता आणि डिओचा उग्र दर्प. मग तिने जॅकेट काढून दिलं. मी त्याचं अस्तर उलटं केलं आणि काखेपाशी नाक नेलं. तिथे मात्र आंबूस, शिळ्या कांद्यासारखा वास होता, आणि त्यावर थरांनी बसलेला डिओ.

मी तिला तसंच सांगितलं. ती रडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “म्हणजे येतो.”

“जॅकेटला येतो. शेवटचं कधी धुतलं होतंस?”

आईनेच उत्तर दिलं. दिवाळीच्या साफसफाईत. ज्या जॅकेटने ती वास लपवत होती त्यातच वास साठत होता. आत पॉलिएस्टरचं अस्तर, आणि घाम यावा इतकी भीती दिवसभर.

हे जॅकेटचं प्रकरण मी नंतर बऱ्याच पालकांना सांगितलं आहे, कारण मुळात वास कुठून येतो हेच आपल्याला कोणी नीट शिकवलेलं नसतं. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. अंगभर ज्या लाखो घामाच्या ग्रंथी आहेत त्यांतून पाणी आणि मीठ येतं, शरीर थंड राहावं म्हणून. काखेत आणि जांघेत मात्र आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात. त्या वयात येताना जाग्या होतात आणि त्यांचा घाम थोडा दाट असतो. कातडीवर राहणारे जिवाणू त्या घामावर जगतात आणि ते खाताना जे पदार्थ बनतात त्यांचा तो वास. म्हणून तिसरीतलं पोर दिवसभर मैदानात लोळून आलं तरी त्याला मातीचा वास येतो, आणि सातवी-आठवीत तेच पोर घरात शिरलं की आई नाक मुरडते. ते घाणेरडं झालेलं नसतं. मोठं होत असतं. घाबरल्यावरही याच ग्रंथी जोरात चालतात, त्यामुळे ‘आपल्याला वास येईल’ ही भीतीच काख ओली करते.

कपड्याचंही असंच. 2014 मध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 26 जणांना टी-शर्ट घालून सायकलिंगचा जोरदार व्यायाम करायला लावला आणि नंतर त्या टी-शर्टांचा वास तपासून घेतला. पॉलिएस्टरचे टी-शर्ट सुतीपेक्षा जास्त वाईट वासाचे ठरले. वास करणारे काही जिवाणू त्या धाग्यावर चांगले वाढतात. आपले शाळेचे युनिफॉर्म, कंपनीचे टी-शर्ट, खेळाचे कपडे बहुतेक याच जातीचे. वरून बघितलं तर स्वच्छ, आणि इस्त्री फिरवली की काखेतून वास उठतो. धुतानाच उलटे करा, काखेची जागा साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, घासा, आणि कडक उन्हात वाळवा. सावलीत अर्धवट वाळलेला कपडा कुबट होतो आणि त्याचा दोष अंगाला लागतो.

सायलीच्या वडिलांचं म्हणणं वेगळंच होतं. दुसऱ्या भेटीला ते आले आणि म्हणाले, “मॅडम, आम्ही शेतात राबलो, तुरटी सोडून काही लावलं नाही. हे डिओ लागतं तरी का?” आईची काळजी आणखी वेगळी. तिला व्हॉट्सअॅपवर आलं होतं की काखेत हे लावल्याने स्तनाचा कॅन्सर होतो.

वडिलांचा प्रश्न मला योग्य वाटला. डिओ लागतंच असं नाही. रोजची एक आंघोळ, काखेला नीट साबण, आणि नंतर टॉवेलने काख कोरडी करणं एवढ्यावर कित्येकांचं भागतं. हे कोरडं करणं आपण सगळेच विसरतो, ओल्या काखेत ब्लाउज किंवा शर्ट चढवतो. कोरिया, चीन, जपानमधल्या बहुसंख्य लोकांना तर एका जनुकातल्या फरकामुळे काखेला वास जवळजवळ येतच नाही. त्यांच्या कानातला मळही त्याच जनुकामुळे कोरडा असतो. आणि ‘वास येत असेल, लोक पाठीमागे बोलत असतील’ ही भीती काही आपोआप आलेली नाही. 1919 मध्ये अमेरिकेत ओडोरोनो नावाच्या घाम रोखणाऱ्या द्रवाची जाहिरात एका बायकांच्या मासिकात आली. तिचा सूर असा की बाईला स्वतःला कळत नाही, पण इतरांना कळतं. दोनशेच्या आसपास वाचकांनी चिडून मासिक घेणं बंद केलं, आणि माल मात्र धडाक्याने खपला. सायली ज्या भीतीने शेवटच्या बाकावर बसली होती, ती भीती शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी विचारपूर्वक विकली होती. मला त्याचा राग येतो.

तरीही वडिलांचं सगळं मी मान्य केलं नाही. शेतात मोकळ्या वाऱ्यात सुती बंडी घालून राबणं वेगळं आणि चाळीस सीटच्या गाडीत सत्तर जणांत टेरिकॉटच्या युनिफॉर्ममध्ये उभं राहणं वेगळं. ज्याला आंघोळीने पुरत नाही त्याने काहीतरी वापरावं, त्यात नखरा नाही. फक्त काय वापरतोय ते कळायला हवं. नुसता डिओ वास झाकतो आणि थोडे जिवाणू मारतो. घाम थांबवत नाही. घामावर मारला तर दोन वास मिसळतात, सायलीच्या जॅकेटमध्ये तेच झालं होतं. घाम कमी करायचा तर अँटीपर्स्पिरंट. त्यात अॅल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाची तोंडं तात्पुरती बुजवतात. ते सकाळी घाईत नव्हे तर रात्री झोपताना, कोरड्या काखेत लावायचं, कारण रात्री घाम कमी असतो आणि ते बसायला वेळ मिळतो. सकाळच्या आंघोळीने त्याचा परिणाम जात नाही. नुकतेच केस काढले असतील तर त्या दिवशी नको, आग होते. वडिलांची तुरटी म्हणजेही अॅल्युमिनियमचाच एक क्षार; ओल्या काखेला हलकी फिरवली तर वास बऱ्यापैकी आटोक्यात येतो आणि खर्च काहीच नाही. हे ऐकून ते पहिल्यांदा हसले.

आईला मी सांगितलं की कॅन्सरच्या शंकेवर प्रत्यक्ष अभ्यास झालेला आहे. 2002 मध्ये अमेरिकेत सिएटलच्या भागात स्तनाचा कॅन्सर झालेल्या 813 आणि न झालेल्या 793 बायकांची तुलना केली, आणि ही उत्पादनं वापरण्याशी संबंध दिसला नाही. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांनी मात्र अॅल्युमिनियमवाली वस्तू डॉक्टरांना विचारूनच वापरावी.

एवढं करून वास जात नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. मुरुमांसाठी असतं ते बेन्झॉयल पेरॉक्साइडचं वॉश ते कधीकधी काखेसाठी देतात. दोन-तीन मिनिटं ठेवून धुवायचं, आणि जुना टॉवेल वापरायचा, कारण रंग उडतो. वास अचानक बदलला, माशासारखा किंवा गोडसर यायला लागला, घाम एकदम वाढला, वजन उतरू लागलं, तर थांबू नका, तपासून घ्या. आणि थंडीत घरोघरी मेथीचे लाडू होतात तेव्हा अंगाला जो वास येतो तो मेथीचाच, त्याने घाबरू नका.

आता मनाचा भाग. जॅकेट धुतलं, दोन सुती कुर्ते आले, तीन आंघोळींची एक झाली. पण सायली अजून नाकं मोजतच होती. मी तिला खोलीच्या गॅलरीत नेलं. खाली चहाची टपरी आहे, रस्त्यापलीकडे. “दहा मिनिटं मोज,” म्हटलं, “किती जण नाकाला हात लावतात.” ती कठड्याला टेकून बोटांवर मोजू लागली. एकाने चष्मा सावरताना नाक चोळलं, एका काकांनी मफलरने पुसलं, एक मुलगा नुसताच विचार करत नाकाचा शेंडा ओढत होता. सतरा झाले. तिच्यापासून इतक्या लांब, एका काचेच्या ग्लासाभोवती उभी माणसं. “हे सगळे मला वास येतो म्हणून करत नसणार,” ती हळूच म्हणाली. मी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्याचा अभ्यास तिनेच ठरवला: क्लासला जायचं, मधल्या बाकावर बसायचं, आणि कोणाचं नाक कधी हललं ते वहीत लिहायचं नाही.

सायलीची भीती अशी उतरली. सगळ्यांची उतरत नाही. काही जणांना वास नसतोच, कपड्यालाही नाही, आणि तरी ‘येतो’ ही खात्री काही केल्या हलत नाही. ते नोकरी सोडतात, लग्नाला जाणं टाळतात, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत याला स्वतंत्र नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी मी वेळ न घालवता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.

अंबडच्या एका कारखान्यातले सुपरवायझर मला विचारायला आले होते की हाताखालच्या पोराला वासाबद्दल सांगायचं कसं. मी म्हटलं, शिफ्ट संपल्यावर, एकटं गाठून, एका वाक्यात. ‘लोक म्हणतात’ असं नाही, ‘मला जाणवलं’ असं. आणि आधी विचारा की तो राहतो कुठे. तो आठ जणांत एका खोलीत राहत होता, नळाला पाणी पहाटे पाऊण तास. सुरगाणा-पेठकडून शिकायला आणि कामाला आलेल्या कितीतरी पोरांचं हेच आहे. ‘कसला वास येतोय’ हे वाक्य आपल्याकडे फार वेळा घामाबद्दल नसतं. माणसाच्या वस्तीबद्दल, जातीबद्दल, कामाबद्दल असतं, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं. त्या सुपरवायझरनी कारखान्यातली बाथरूम शिफ्टनंतर अर्धा तास उघडी ठेवायची परवानगी काढली. पोराला वेगळं काही सांगावंच लागलं नाही.

सायलीची शेवटची भेट फेब्रुवारीत झाली. अभ्यासाचं, एसटीचं, परीक्षेचं बोलून झाल्यावर आई म्हणाली, “मॅडम, आता धाकट्याला सुरू झालंय. बारावं लागलंय, क्रिकेट खेळून येतो ते घरभर. त्याला आज रात्री जेवताना सांगतेच.”

“मम्मी, तू नको,” सायली म्हणाली. “तू पप्पांसमोर आणि आजीसमोर बोलशील. मी सांगते त्याला, तो नळावर पाय धुवायला गेला की. आणि टॉवेल पण वेगळा काढून देते.”