भाऊ येईपर्यंत थांबायचं का?

"भाऊ दुबईला आहे. तो येईपर्यंत दफन थांबवलं तर चालेल का? लोक नावं ठेवतील का?" घरात मृत्यू झाला की ख्रिस्ती मंडळीचा पाळक म्हणून मला हा प्रश्न हमखास येतो.

पिंपरीतल्या एका ताईंचे वडील पहाटे घरीच गेले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मी पोचलो तेव्हा काकांचा हट्ट चालला होता, संध्याकाळपर्यंत माती झालीच पाहिजे. ताईंचा भाऊ अजून यायचा होता, पण त्या काहीच बोलत नव्हत्या. प्रार्थना झाल्यावर मी आधी विचारलं, "डॉक्टर येऊन गेले का?" मृत्यू घरी झाला की उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याशिवाय पुढचं काही हलत नाही.

थांबण्याबद्दल मी स्पष्ट सांगितलं. अमुक तासांत दफन व्हायलाच हवं, असं आपल्या विधीत कुठंही नाही. शवागाराची सोय होते, आणि उपासना दुसऱ्या दिवशी घेतली म्हणून तिचं मोल कमी होत नाही. काकांना बाजूला घेऊन म्हणालो, "काका, पोराला बापाचं तोंड बघू द्या." ते कळवळले आणि तयार झाले. शवागार, शववाहिका, मंडळीला निरोप ही धावपळ मी अंगावर घेतली. निर्णय मात्र घरच्यांचेच. गाणी कुठली, खांदा कोण देणार, अंगावर कोणते कपडे, हे पाळकानं परस्पर ठरवलं तर त्या घराला पुढं कायम चुटपुट लागून राहते.

सर्वांत नाजूक विषय कबरीचा निघाला. काकांना नगर जिल्ह्यातलं गाव हवं होतं. ताई म्हणाल्या, "आईच्याच कबरीत ठेवायचंय, पाळकसाहेब." जुनी कबर किती वर्षांनी उघडता येते, याचा नियम प्रत्येक दफनभूमीचा वेगळा असतो. म्हणून शब्द देण्याआधी मी दफनभूमीच्या कमिटीला फोन लावला आणि आईच्या दफनाची पावती शोधायला सांगितली. परवानगी मिळाली. गावाकडे स्मरणाची उपासना ठेवायचं ठरलं, तेव्हा काकांचाही जीव शांत झाला.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांत वारंवार अडते. बाप्तिस्म्याचं नाव एक, आधारवर दुसरं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. तीत नाव आधार आणि पेन्शनच्या कागदांप्रमाणेच पडलं पाहिजे, नाहीतर पुढं बँकेत आणि वारसनोंदीत महिनोन् महिने हेलपाटे पडतात. मी ताईंकडून आधार घेऊन अर्जातलं एकेक अक्षर ताडून पाहिलं. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढायला सांगितल्या.

भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला, दुपारी दफन झालं. आठवड्यानं तो कबरीवर लगेच संगमरवर बसवू का म्हणून विचारायला आला. एक पावसाळा जाऊ दे, माती खाली बसते, मग गवंड्याला बोलव, असं मी त्याला सांगितलं.