पोऱ्या की सरदार?

प्रश्न : माझा मुलगा नुकताच मालवाहू जहाजावर डेक कॅडेट म्हणून लागला. त्याच्या कागदांत एका हुद्द्याचं स्पेलिंग बी-ओ-ए-टी-एस-डब्ल्यू-ए-आय-एन असं आहे. घरात आम्ही सगळे 'बोटस्वेन' वाचतो, तो फोनवर 'बोसन' म्हणतो आणि वर आम्हाला हसतो. खरं काय? आणि हा माणूस करतो तरी काय?
– एक वाचक, दापोली

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. पण हसू नको म्हणावं त्याला, कारण मीही तिथंच आपटलो होतो. रेडिओ ऑफिसर म्हणून पहिल्या जहाजावर चढलो आणि खलाशांची यादी मोठ्यांदा वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. 'बोटस्वेन!' असा पुकारा केला. सगळे चिडीचूप. पुन्हा ओरडलो. शेवटी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ पुढे आले, गुहागरकडचे, आणि हळूच म्हणाले, "सायेब, बोसन म्हणा. नायतर आपलं सारंग म्हणा."

तर उच्चार 'बोसन'. 'बो'वर जोर, 'सन' अगदी ओझरता. टी आणि डब्ल्यू दोन्ही गिळायचे. जोर पहिल्या अक्षरावर गेला की मागचा डब्ल्यू इंग्रजांच्या तोंडून गळतो. ग्रीनविचचं 'ग्रेनिच' तसंच झालं. आपण तरी काय करतो? 'पाहिजे' लिहितो आणि 'पायजे' म्हणतो. इंग्रजांनी निदान उच्चाराबरहुकूम आखूड स्पेलिंगही चालवून घेतलं, बी-ओ-एस-यू-एन. ते लिहिलंत तरी चूक नाही. त्याचा भाऊबंद 'कॉक्सन', म्हणजे होडीचा सुकाणूवाला. त्याच्याही स्पेलिंगात हेच 'स्वेन' दडलेलं आहे.

गंमत आहे ती या शब्दाच्या अर्थामध्ये. पहिला भाग बोट, नाव. दुसरा आला नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांच्या भाषेतून. त्याचा अर्थ पोरगा, चाकर. म्हणजे नावेवरचा पोऱ्या! (हाच 'स्वेन' पुढे इंग्रजी कवितेत प्रेमात पडलेला गावाकडचा तरुण झाला, पण ते असो.) शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मध्ये वादळात सापडलेल्या जहाजाचा कप्तान पहिली हाक मारतो ती याच माणसाला, नाटकाचा पहिला शब्दच हा. कवी बायरननं तर आपल्या लाडक्या कुत्र्याचं नाव हे ठेवलं होतं. तो कुत्रा १८०८ मध्ये पिसाळून मेला, आणि न्यूस्टेड अ‍ॅबीत, म्हणजे बायरनच्या घराण्याच्या वाड्यात, त्याचं ऐसपैस स्मारक आहे.

आता आपल्याकडचा शब्द बघा. इंग्रजांच्या जहाजांवर हिंदी खलाशी असत, त्यांचा म्होरक्या तो सारंग. हा फारसी 'सरहंग'वरून आला, अर्थ सेनानायक, अंमलदार. (हरिण किंवा राग, तो सारंग वेगळा.) त्याच्या हाताखालचा टिंडेल, किनाऱ्यावर तांडेल आडनावाचे लोक भेटतात, ते त्याच शब्दाच्या गोतातले. एकाच कामाच्या माणसाला इंग्रजीनं पोऱ्या म्हणून सुरुवात केली आणि आपण सरदार म्हणून. हे मी त्या गुहागरकरांना एकदा रात्री डेकवर सांगितलं. ते पोट धरून हसले. "पगार मात्र पोऱ्याचाच!" म्हणाले.

काम विचाराल तर डेकवरच्या खलाशांचा मुकादम. सकाळी चीफ ऑफिसरकडून कामं घ्यायची आणि माणसांत वाटायची: गंज खरवडणं, रंग, दोरखंड, मालाच्या कोठारांची झाकणं. नांगर टाकताना-उचलताना तो नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, हजर. क्रेनवाल्याला 'हबेस' म्हणजे उचल आणि 'आरिया' म्हणजे खाली सोड, हे ओरडणारा आवाजही बहुतेकदा त्याचाच. मुंबईच्या गोदीत हे दोन शब्द तुमच्याही कानावर पडतील. दुसरा, 'आरिया', पोर्तुगीजांचा.

तुमचा मुलगा पुढे ऑफिसर होईल, पण आत्ता गाठ कशी मारायची ते त्याला हाच माणूस शिकवणार. तेव्हा नुसतं 'बोसन' नको. 'बोसनसाब' म्हणायला सांगा.